वर्तुळ पुरं कोण करतं?

केंद्र सरकारची एक जुनी शिष्यवृत्ती आहे, १९७७-७८ पासूनची. मैला वाहणारे, मेलेली जनावरं सोलणारे, कातडी कमावणारे यांच्या मुलांनी शाळेत टिकावं म्हणून ती सुरू झाली. पुढे कचरावेचकांच्या मुलांनाही ती मिळू लागली. दिल्लीच्या कागदांवर अलीकडे तिचं नाव जरा सौम्य झालं आहे. 'सफाईचे आणि आरोग्याला धोका असलेले व्यवसाय' असा काहीसा उल्लेख तिथे असतो. पण आपल्याकडच्या शाळांत ती अजूनही 'अस्वच्छ व्यवसाय' याच नावाने ओळखली जाते. म्हणजे पोराने अर्ज भरायचा आणि आपली आई अस्वच्छ व्यवसायात आहे याचा दाखला त्याला जोडायचा.

२०२१ साली केंद्र सरकारनेच ११ समित्या नेमल्या. ई-कचरा, भंगार धातू, टायर, लिथियम बॅटऱ्या, वापरलेलं तेल, शहरांतला घनकचरा अशा एकेका मालासाठी एकेक समिती. काम काय, तर देशाला चक्रीय अर्थव्यवस्थेकडे न्यायचं. 'घ्या, वापरा, फेका' हा सरळ रेषेतला व्यवहार सोडून वस्तू फिरून फिरून वापरात राहतील अशी घडी बसवायची.

आता पुठ्ठा, पत्रा, काच आणि दुधाच्या पिशव्या वेगळ्या करून भंगारवाल्याकडे नेणारी बाई दोन्ही ठिकाणी तीच आहे. एका फायलीत ती अस्वच्छ व्यवसायात आहे, दुसऱ्या फायलीत देशाच्या भविष्यकाळात. सरकारच्या विसंगतीला हसणं सोपं आहे, आणि सरकार त्याची सवय करून घेतं. मला त्रास होतो तो वेगळ्या गोष्टीचा. पहिली फाईल तिच्या मुलांना त्या कामातून बाहेर काढायला निघाली आहे आणि दुसरी देशातल्या तरुणांना त्यात बोलावते आहे. तर मग नेमक्या कोणत्या तरुणांना?

मी पुण्यात एका महाविद्यालयात वाणिज्य शिकवतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे पदवीला पर्यावरण हा विषय सक्तीचा झाला, त्याला आता वीसेक वर्षं झाली. हा विषय कोणाच्या तरी गळ्यात पडतोच. आमच्याकडे तो माझ्या पडला, आणि पुढे मला आवडायला लागला. त्यामुळे 'चक्रीय अर्थव्यवस्था आणि युवक' या शीर्षकाची पोस्टरं, निबंध, पथनाट्यं, सादरीकरणं यांचा माझ्याकडे भरपूर साठा आहे. त्यातल्या बहुतेकांत हिरव्या बाणांचं एक वर्तुळ असतं. बाण आपोआप फिरतात. त्यांना ढकलणारे हात काही चित्रात नसतात.

कल्पनेचा उगम पाहिला तरी हे हात दिसत नाहीत. केनेथ बोल्डिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९६६ साली पृथ्वीला अवकाशयानाची उपमा दिली. यानात बाहेरून काही येत नाही आणि बाहेर टाकायला जागा नाही. एलन मॅकआर्थर या ब्रिटिश बाईंनी २००५ साली एकटीने, कुठेही न थांबता, ७१ दिवसांत शिडाच्या बोटीने पृथ्वीप्रदक्षिणा केली. बोटीवर जेवढं आहे तेवढंच आपलं, ही जाणीव त्यांना तिथे झाली आणि २०१० मध्ये त्यांनी या विचाराच्या प्रचारासाठी संस्था काढली. दोन्ही प्रतिमा सुंदर आहेत. पण यानात आणि बोटीत शेजारपाजार नसतो. एकट्या खलाशाला आपला कचरा दुसऱ्या कोणाच्या जातीकडे ढकलता येत नाही.

आपल्या गावात वर्तुळ होतं, आणि ते चांगलंच घट्ट बांधलेलं होतं. शेण गोवरीत आणि उकिरड्यात जायचं, उकिरडा शेतात. जुनेर गोधडीत जायचं. फाटक्या साड्या घेऊन बोहारीण स्टीलचा डबा द्यायची, आणि त्या साड्या पुढे कुठल्या कुठे जाऊन कोणाच्या तरी अंगावर चढायच्या. मेलेल्या बैलाची मोट व्हायची, वहाण व्हायची. काही वाया जात नव्हतं, हे आपण मोठ्या अभिमानाने सांगतो, आणि ते खरंही आहे. पण वर्तुळाचा एकेक तुकडा एकेका जातीच्या नावावर लिहिलेला होता हेही तेवढंच खरं. गोधडी शिवणारी आजी घरात बसायची, बैल ओढून नेणाऱ्याला घरात प्रवेश नव्हता.

म्हणून या देशात वर्तुळ तोडणं हीही एक नैतिक कृती असू शकते, ही गोष्ट चक्रीय अर्थव्यवस्थेच्या युरोपीय पुस्तकांत सापडणार नाही. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला जमलेल्यांना मेलेल्या जनावरांचं मांस सोडा, हीन मानलेली कामं सोडा असं सांगितलं. कचऱ्याच्या हिशोबाने पाहिलं तर ते वाया घालवायलाच सांगत होते. माणसाच्या हिशोबाने वाया जाणं थांबत होतं. अगदी अलीकडे, जुलै २०१६ मध्ये, गुजरातमध्ये उनाजवळ मेलेली गाय सोलणाऱ्या दलित तरुणांना उघडं करून मारलं गेलं. त्यानंतर सुरेंद्रनगरला लोकांनी मेलेली जनावरं आणून जिल्हाधिकारी कार्यालयासमोर टाकली. तुमची गाय, तुम्हीच पाहा. चक्रीय अर्थव्यवस्थेतला तरुणांचा सहभाग म्हटल्यावर मला पोस्टरांच्या आधी हे आठवतं. या क्षेत्रात तरुणांनी घेतलेली सगळ्यात ठाम भूमिका सहभाग नाकारण्याची होती.

उलट बाजूचा युक्तिवादही जुना आहे. गांधीजींनी १९३६ मध्ये 'हरिजन'मध्ये आदर्श भंग्यावर एक लेख लिहिला. आई बाळासाठी जे करते तेच हा माणूस समाजासाठी करतो, म्हणून त्याचं काम पवित्र, असा त्याचा आशय. बाबासाहेबांनी पुढे आपल्या पुस्तकात या लेखाचा समाचार घेतला. ज्याला ते काम सोडायची मुभा नाही त्याच्यापुढे त्या कामाची थोरवी गाणं म्हणजे त्याला तिथेच बसवून ठेवणं. मला या वादात बाबासाहेबांचं पटतं, पुरतं पटतं. आणि तरी गांधीजींचा मुद्दा निकालात निघाला असं मला म्हणता येत नाही, कारण काम उरतंच. शिकून सगळे बाहेर पडले तरी सकाळी डबा भरलेला असतोच.

कोकणातल्या अप्पासाहेब पटवर्धनांनी यातून एक तिसरी वाट काढायचा प्रयत्न केला. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी संडास सफाईचं काम मागितलं, ते नाकारलं गेलं, त्यावरून उपोषण झालं, येरवड्यात गांधीजीही त्यात उतरले. पुढे कणकवलीजवळ गोपुरीला त्यांनी मैल्याचं खत होईल असे साधे संडास करून पाहिले. मला त्यांचं तुरुंगातलं उपोषण थोर वाटतं. पण त्याहून त्यांचा संडास जास्त थोर वाटतो. उपोषणाने एका ब्राह्मणाने ते काम करून दाखवलं. संडासाने ते काम ज्या रूपात होतं त्या रूपात कोणालाच करावं लागू नये असं पाहिलं. वाटून घेणं चांगलंच, पण कमी करणं त्याच्या वरचं आहे.

आता वर्गातली गोष्ट. दोन-तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे याच विषयावर प्रदर्शन भरवायचं ठरलं. त्या वर्षीच्या वर्गात एक मुलगी होती, तिची आई शहरातच कचरावेचक. ही माहिती एका सहकारी बाईंना होती. त्यांनी अगदी सद्भावनेने सुचवलं की तिने उद्घाटनाला आपल्या आईच्या कामाबद्दल पाच मिनिटं बोलावं, मुलांना प्रेरणा मिळेल. मुलीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मॅडम, आईने मला हे सांगता यावं म्हणून नाही शिकवलं." आवाज चढवला नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सर, मी हिशोबाच्या टेबलावर बसते ना. स्टॉलचे पैसे बघते." आणि बसली. हिशोब एका रुपयाने चुकला नाही.

सहकारी बाई दुखावल्या. त्यांचं म्हणणं असं की लाज वाटण्यासारखं त्यात काय आहे, आपणच तिला सांगतोय की हे काम मोठं आहे. मला वाटतं, गोची नेमकी इथेच आहे. ते काम मोठं आहे हे ठरवायचा आणि जाहीर करायचा हक्क आपण स्वतःकडे घेतला होता, आणि तिच्या वाट्याला फक्त पुरावा व्हायचं काम ठेवलं होतं. तिला लाज वाटत होती की नाही, मला माहीत नाही. ती काही बोलली नाही आणि तो माझा प्रश्नही नव्हता. आपलं जगणं कोणाच्या प्रकल्पाचं उदाहरण व्हावं की नाही हे तिने ठरवलं, एवढं मला दिसलं.

त्याच प्रदर्शनात इतर मुलांनी टेकडीवर जाऊन प्लास्टिक गोळा केल्याचे फोटो होते. रविवारी सकाळी दोन तास, हातमोजे घालून, टी-शर्ट छापून. या प्रकाराची टिंगल करायची एक फॅशन आहे. मी ती करणार नाही. ज्याने एकदा दुसऱ्याच्या घरातला ओला-सुका एकत्र झालेला कचरा हाताने निवडला आहे, तो पुन्हा भाजीच्या देठांत ब्लेड टाकत नाही, हे मी पाहिलं आहे. पण एक गोष्ट डोळ्यांत खुपते. त्या दोन तासांचं प्रमाणपत्र मिळतं, ते बायोडेटावर जातं, मुलाखतीत त्याचा उल्लेख होतो. दुसऱ्या कोणी लहानपणी सुट्ट्यांत आईबरोबर वर्षानुवर्षं तेच केलेलं असतं, ते बायोडेटावरून वगळलं जातं. कृती एकच. एकाच्या बाबतीत तिला अनुभव म्हणतात, दुसऱ्याच्या बाबतीत पार्श्वभूमी.

याला कोणी म्हणेल की हे सगळ्याच कामांचं आहे. शेतकऱ्यालाही मुलाने शेती करावी असं वाटत नाही, प्राध्यापकालाही हल्ली मुलाने प्राध्यापक व्हावं असं वाटत नाही (यावर मी स्वतंत्र लेख लिहू शकतो). पण फरक आहे. प्राध्यापकाच्या मुलाने हवं तर परत यावं, कोणी नाक मुरडणार नाही. कचरावेचकाची पदवीधर मुलगी उद्या खरोखरच आवडीने कचरा व्यवस्थापनात परत आली, तर लोक म्हणतील शेवटी तिथेच आली. बाहेर पडायची वाट हवीच. पण आत यायची वाटही सन्मानाची असेल तेव्हाच ते काम इतर कामांसारखं झालं असं म्हणता येईल.

सन्मान कशाने येतो, याचा मात्र आपल्याकडे एक गोड गैरसमज आहे. तो गौरवाच्या भाषेने येतो असं आपण धरून चालतो. पुण्यातला इतिहास वेगळं सांगतो. १९९३ साली इथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. बहुसंख्य सभासद दलित बायका, कितीतरी जणींची घरं १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून उठून आलेली. त्यांनी सगळ्यात आधी ओळखपत्र मागितलं, कारण कचराकुंडीपाशी उभ्या असलेल्या बाईला चोर समजून पकडलं जायचं. मग भंगाराच्या दुकानात वजनात होणारी मारामारी रोखायला स्वतःची दुकानं काढली. २००८ मध्ये 'स्वच्छ' ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदारचा कचरा गोळा करू लागली आणि त्या बायकांना दरमहा शुल्क मिळू लागलं. कुंडी उपसण्याऐवजी दारात येऊन कचरा घेणं, हा बदल बाहेरून लहान दिसतो. पण वाकलेली पाठ त्याने सरळ होते. वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे ते उघडून पाहावं लागणार नाही, ही त्यांची मोहीम तुम्हाला आठवत असेल. ओळखपत्र, तराजू, शुल्क, लाल ठिपका. यात 'पवित्र' हा शब्द कुठेही नाही.

आणि याच वर्तुळाचा एक वरचा भाग आहे, जिथे तरुण न बोलावता गेले. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जाऊन पाहा. विशी-पंचविशीची मुलं भिंगाखाली फोनच्या आतली वाटाण्याहून लहान चीप काढून पुन्हा बसवतात. कोणी आयटीआय केलेलं असतं, कोणी नुसतं बघून शिकलेलं. कोणीही त्यांना चक्रीय अर्थव्यवस्थेचे दूत म्हणत नाही आणि त्यांना त्याची गरजही नाही, कारण हातातलं कसब त्यांना प्रतिष्ठा देतं. लोक त्यांना 'भाऊ, जरा बघा ना' असं म्हणतात. जगात २०२२ साली ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निघाला आणि त्याचा चौथा हिस्सासुद्धा रीतसर गोळा झाल्याची नोंद नाही. या मुलांनी चालू केलेला प्रत्येक फोन त्या ढिगात दोन-तीन वर्षं उशिरा जातो. त्यांच्या आड येतात त्या कंपन्या, ज्या सुटे भाग विकत नाहीत, मागचं कव्हर गोंदाने चिकटवतात, किंवा दुसरा भाग बसवला की फोनने तो ओळखूच नये अशी सोय करून ठेवतात. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये पोर्टल सुरू केलं खरं, पण कंपन्यांना बांधून घालणारा कायदा आणि पोर्टल यांत बरंच अंतर असतं. तरुणांना खरोखर सहभागी करून घ्यायचं असेल तर त्यांना प्रतिज्ञा देण्यापेक्षा स्क्रू उघडता येणारी वस्तू द्यावी, असं मी वर्गात म्हणतो. मुलं हसतात, पण लिहून घेतात.

म्हणजे वर्तुळ सपाट नसतं, त्याला मजले असतात. दुरुस्ती आणि पुनर्वापर वरच्या मजल्यावर. तिथे कसब आहे, स्वच्छ टेबल आहे, कौतुक आहे. तळमजल्यावर निवडणं, धुणं, तारा जाळून तांबं काढणं. आणि तिथे कोण आहे ते आपल्याला माहीत आहे. तत्त्वज्ञान म्हणून चक्रीय अर्थव्यवस्था स्वतःच सांगते की वरचं आधी करा, खालचं शेवटी. मला यात अप्पासाहेबांच्या संडासाची आठवण येते. सुखवस्तू तरुणाने तळमजल्यावर दोन तास जाऊन येण्यापेक्षा तळमजल्यावर पोचणारा माल कमी केला तर ते न्यायाच्या जास्त जवळ जाईल.

इथे एक खरी अडचण आहे आणि तिला बगल देता येत नाही. माल कमी झाला तर निवडणाऱ्या बाईची कमाईही कमी होते. भंगाराच्या भावावर जगणाऱ्या माणसाच्या दृष्टीने आपली उधळपट्टी हेच त्याचं पीक असतं. आपण पुण्य मिळवायला वापर घटवला आणि तिच्या चुलीवरचं उतरवलं, तर हे कसलं नीतिशास्त्र? मला यावर एकच उत्तर सापडतं, आणि ते तत्त्वज्ञानापेक्षा हिशोबाचं आहे. तिचं उत्पन्न मालाच्या वजनापासून सोडवून कामाला बांधायचं. ती रोज येते, वर चढते, आपल्याला स्वतःच्या कचऱ्यापासून सुटका देते, याचे पैसे. कचरा एक किलो असो की पाव. डॉक्टरची फी आजाराच्या वजनावर ठरत नाही.

हे बोलायला सोपं आहे. आमच्या सोसायटीच्या गेल्या वार्षिक सभेत कचऱ्याचं शुल्क घरटी वीस रुपयांनी वाढवायचा विषय होता. त्याआधी सीसीटीव्हीचा भला मोठा खर्च पाच मिनिटांत मंजूर झाला होता. या वीस रुपयांवर पाऊण तास चर्चा चालली. सोसायटीत एक उत्साही तरुण आहे, अभियंता. त्याच्याच खटपटीने वर्षभरापासून गच्चीवर ओल्या कचऱ्याचं खत होतं, आणि उत्तम होतं. माझ्या घरची मिरची त्याच खतावर वाढते. तो उठला आणि म्हणाला, आता आपण अर्धा कचरा देतच नाही, तर शुल्क वाढवायचं कशाला, खरं तर कमी व्हायला हवं. बऱ्याच माना डोलल्या. तर्कात खोट नव्हती, फक्त तो मालाचा तर्क होता.

मी वजनाचा आणि कामाचा मुद्दा मांडला. कचरा घ्यायला येणाऱ्या ताई चार मजले चढतात, त्या ओला कचरा नाही म्हणून तीन मजले चढत नाहीत, असं म्हणालो. कोणीतरी हसलं. त्या तरुणाने थोडा विचार केला आणि प्रामाणिकपणे विचारलं, "काका, मग आपण खत केलं त्याचा फायदा कोणाला झाला?" मी म्हटलं, थोडा तुला, थोडा मिरचीला आणि बराचसा त्यांच्या पाठीला. त्यांना कमी ओझं उचलून तेवढेच पैसे मिळाले तर ते आपलं नुकसान का मानायचं? त्यावर खजिनदार म्हणाले की वेळ झाली आहे, विषय पुढच्या सभेत घेऊ. इतिवृत्तात तशी नोंद आहे. पुढची सभा सप्टेंबरात आहे, आणि त्या तरुणाने परवा जिन्यात थांबवून विचारलं की ताईंना महिन्याला एकूण किती घरांचे मिळून किती पैसे मिळतात, त्याचा आकडा आपल्याला कुठे मिळेल. मी म्हटलं, त्यांनाच विचार, पण आधी नाव विचार.